अकरा नाटकं आणि एक अर्ज

आमच्या वहिनीला कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" की ती सरळ सांगते, "अर्ज करते." समोरच्याला वाटतं, बाई नोकरी शोधतेय. मग ती समजावत बसते, की ती लहान संस्थांना अनुदान मिळवून देते. कुणाचं वाचनालय, कुणाचं गाण्याचं मंडळ, कुणी भिंतींवर चित्रं काढतंय, कुणी म्हाताऱ्यांच्या आठवणी गोळा करतंय. लोक "वा, छान" म्हणतात आणि विषय बदलतात. मी तिची नणंद. मला विषय बदलायची सोय नाही, कारण तिने मला तिच्या स्वतःच्या संस्थेची खजिनदार करून ठेवलंय.

कसं केलं, तेही सांगते. दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभी राहून मी घरी आले होते. तिने चहा दिला, बिस्किटं दिली, आणि एक कागद पुढे सरकवला. "वन्सं, इथे जरा सही करा." गोड बोलायचं असलं की ती मला वन्सं म्हणते, एरवी "अगं ए". जुनी, न छापलेली नाटकं जतन करायची संस्था. नोंदणीला सात माणसं लागतात. चार आम्ही घरचेच, दोन शेजारचे आणि सातवा इस्त्रीवाला. तो बैठकीला येतो ते कपडे द्यायलाच.

जेवायचं टेबल अर्ध्याहून जास्त वहिनीच्या कागदांनी व्यापलेलं असतं. माझा भाऊ, म्हणजे दादा, गेली कित्येक वर्षं ताट मांडीवर घेऊन जेवतो. चपलांच्या कपाटात फायली आहेत आणि चपला दाराबाहेर. फ्रिजच्या दारावर देणाऱ्या संस्थांची यादी, प्रत्येकीपुढे शेवटची तारीख. आणि त्या संस्थांचे नखरे काय सांगू! एकीला कला हवी, पण जुनी नको. दुसरीला जुनं हवं, पण ते दगडाचं असेल तरच. तिसरी म्हणते, तीन वर्षांचे हिशोब द्या. आणि संस्था दोन वर्षांची असेल तर? तर एक वर्षाने या. तुमच्या कामाने समाजात काय बदल होईल ते शंभर शब्दांत लिहा. शंभरावर एक शब्द झाला की फॉर्म पुढे सरकत नाही, आणि वीस मिनिटं विचार करत बसलं की सगळं लिहिलेलं पुसून टाकून "पुन्हा प्रवेश करा" म्हणतो. मी एकदा हे सगळं बघून म्हटलं, "वहिनी, यांना पैसे द्यायचेच नसतील तर तसं सांगत का नाहीत?" ती म्हणाली, "द्यायचे असतात गं. फक्त आपल्याला द्यायचे नसतात." आणि पुन्हा टाइप करायला लागली. वर्षाला चाळीस अर्ज करते, तीन लागतात. त्या तीन अर्जांवर ती महिनाभर हवेत असते.

प्रॉम्प्टरकाकांचा अर्ज तिने स्वतःच्या संस्थेसाठी केला, आणि त्यावरून मला आजही राग येतो.

प्रॉम्प्टरकाका आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत राहतात. चाळीस वर्षं एका फिरत्या नाटक मंडळीत विंगेत स्टुलावर बसून, हातात टॉर्च आणि वही घेऊन, विसरणाऱ्या नटांना पुढची वाक्यं पुरवली. मंडळी बंद पडली. वह्या पेटीत भरून एका गोदामात ठेवल्या होत्या. त्या गोदामातला पाण्याचा पाइप फुटला आणि पेटीत नुसता लगदा उरला. अकरा नाटकं. छापलेलं एकही नाही. लिहिणारे गेले, करणारे पांगले, आणि सगळं शिल्लक राहिलं ते या एका माणसाच्या डोक्यात.

बरं, डोक्यातून काढायचं तर तेही सरळ नाही. "काका, नाटक म्हणून दाखवा," म्हटलं तर त्यांना एक ओळ येत नाही. घसा खाकरतात, छताकडे बघतात, कसनुसं हसतात. पण समोर कुणी उभं राहून भूमिका करायला लागलं आणि अडलं, की क्षणात त्यांच्या तोंडून पुढचं वाक्य निघतं. त्यांनाच कळत नाही कुठून. म्हणजे ही नाटकं जतन करायला चांगलं अडखळणारे नट हवे होते. हे सगळं शंभर शब्दांत बसवताना वहिनीच्या नाकी नऊ आले.

त्यात काकांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागणार. शस्त्रक्रिया अडीच महिन्यांनी. त्यानंतर आवाज नाही.

वहिनीने शोधून शोधून एक फाउंडेशन काढलं. "जलद अनुदान योजना", सहा आठवड्यांत निकाल. अर्ज गेला. आणि त्या अर्जाखाली बारीक अक्षरात एक नियम होता: मंजुरीपूर्वी सुरू झालेलं काम अनुदानास पात्र धरलं जाणार नाही.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे पत्र हातात येईपर्यंत रेकॉर्डर चालू करायचा नाही."

"अगं, फोन आहे ना आपल्याकडे. उद्यापासून सुरू करू. सांगतंय कोण त्यांना?"

"मी सांगणार. पत्र देण्याआधी पुन्हा लिहून मागतात, काम सुरू झालंय का. खोटं लिहू?"

"मग अनुदान नको. फुकटात करू."

आता ती चिडली. "फुकटात! चाळीस वर्षं त्यांनी फुकटातच केलं ना? नटांना हार, टाळ्या, आणि यांना काय? शेवटच्या गाडीचं तिकीट! एकदा, फक्त एकदा त्यांना त्यांच्या कामाचे नीट पैसे मिळू देत. भीक म्हणून नाही, मानधन म्हणून."

मग आम्ही पत्राची वाट बघायला लागलो. काकाही मजेत होते. रस्त्यात भेटले की विचारायचे, "काय खजिनदारबाई, आमचं पत्र कुठवर आलं?" आवाज तेव्हाच बसायला लागला होता. मी म्हणायचे, "निघालंय काका, वाटेत आहे."

पाचव्या आठवड्यात फाउंडेशनच्या प्रकल्प अधिकारी बाईंचा निरोप आला. सगळं मान्य. फक्त एक किरकोळ दुरुस्ती: अंदाजपत्रकात काकांना "कलाकार" म्हटलंय, ते "तांत्रिक साहाय्यक" करा. त्यांचा दर निम्मा असतो. हो म्हणा, सोमवारी पत्र निघेल.

मी म्हटलं, "हो म्हण! आत्ता, या क्षणी हो म्हण!"

वहिनीने आक्षेप नोंदवला. दोन पानी. प्रॉम्प्टिंग ही कला कशी, नटाचा श्वास ओळखून वाक्य कसं द्यावं लागतं, जरा लवकर दिलं तर नट बिथरतो आणि जरा उशिरा दिलं तर प्रेक्षकांना कळतं, वगैरे वगैरे. सुंदर लिहिलं होतं, वाचून मलाच भरून आलं. आणि तिकडून उत्तर आलं, की प्रवर्गाबद्दल आक्षेप आल्यामुळे प्रस्ताव पुन्हा समितीपुढे ठेवला जाईल. समिती तीन आठवड्यांनी बसते.

मी कपाळावर हात मारून घेतला. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. दादा बिचारा मध्ये ताट मांडीवर घेऊन बसलेला. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "तुझं तत्त्व त्यांच्या गळ्यापेक्षा मोठं आहे का?" ती म्हणाली, "डॉक्टरांनी तारीख दिलीय, अजून चांगले पाच आठवडे आहेत. मी हिशोब केलाय." तिचा हिशोब बरोबरच होता. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.

शनिवारी सकाळी दवाखान्यातून काकांना फोन आला. गाठ वाढते आहे, थांबता येणार नाही. येत्या शुक्रवारी दाखल व्हा.

काका स्वतः सांगायला आले. वहिनी टेबलापाशी बसली होती. ऐकून ती एकदम उठली, माझा फोन माझ्या हातातून काढून घेतला, चार्जर घेतला आणि पायांत चपला घालायला लागली.

"चला."

"आणि अर्ज?"

"खड्ड्यात गेला अर्ज."

मी दुकानातून रजा टाकली, दादानेही टाकली. काकांच्या खोलीत आम्ही नट. दादा आयुष्यात कधी स्टेजवर चढला नव्हता. त्याला सरदार केला, तर तो बँकेत चौकशी करावी तसा बोलायला लागला. पण त्याचाच उपयोग झाला. आम्ही तोंड उघडून नुसते उभे राहिलो की काका एक वाक्य द्यायचे. आम्ही ते चुकीचं म्हटलं की ते चिडायचे, आणि चिडले की पुढची दहा वाक्यं धबाधबा यायची. दोन तासांत आमच्या हे लक्षात आलं, आणि मग आम्ही मुद्दाम चुकायला लागलो. "सरदार आहेस तू, कारकून नाहीस!" काका दादाला ओरडायचे आणि पूर्ण प्रवेश म्हणून दाखवायचे. वहिनी फोन धरून कोपऱ्यात, श्वास रोखून. खालून सायकलवाल्याची ठोकाठोक चालू. मी त्याला गप्प करायला गेले, तर तो हात पुसत वर आला आणि म्हणाला, "मला पण एक पार्ट द्या." त्याच्याइतकं सुरेख चुकणारा माणूस मी पाहिला नाही. एका विधवेच्या भूमिकेत त्याने काकांकडून अख्खा दुसरा अंक काढून घेतला.

त्या सहा दिवसांत मी खूप हसले, आणि मनातल्या मनात फाउंडेशनला, त्यांच्या समितीला आणि माझ्या सख्ख्या वहिनीला शिव्याही तितक्याच घातल्या. कारण काकांचा आवाज रोज थोडा थोडा कमी होत होता. पहिल्या दिवशी दोन नाटकं झाली. बुधवारी एक, तेही थांबून थांबून, कोमट पाणी पीत. गुरुवारी दुपारी सातव्या नाटकाचा दुसरा अंक चालू होता. मुलगी बापाच्या दारात येते आणि विचारते, तिला परत घरात घेणार का. मुलगी मी, बाप दादा. मी विचारलं, आणि दादा तोंड उघडून काकांकडे बघत राहिला. काकांचे ओठ हलले. नुसती हवा आली. त्यांनी हाताने "थांबा" अशी खूण केली, पाणी प्यायले, पुन्हा प्रयत्न केला. आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो.

त्या बापाने काय उत्तर दिलं, ते आम्हाला माहीत नाही.

शस्त्रक्रिया नीट झाली. काका घरी आले, जीव वाचला, यापुढे तक्रार करू नये हे मला कळतं. पंधरा दिवसांनी त्यांनीच खुणेने बोलावलं. लहान पांढरी पाटी आणि पेन आणून ठेवलं होतं. मी दारात उभी राहून पुन्हा तो प्रश्न विचारला. दादा अडला. काकांनी झटकन पेन उचललं, दोन शब्द लिहिले आणि थांबले. पुसले, पुन्हा लिहिले. ती ओळ त्यांच्या जिभेवरच होती. हातापर्यंत येईस्तोवर विरून जायची. चार वेळा झालं, मग त्यांनी पाटी उलटी करून ठेवली. आम्हीही पुन्हा त्यांना छळलं नाही. सहा नाटकं आणि सातवं अर्धं. उरलेली त्यांच्या डोक्यात आहेत, आणि बाहेर यायला वाट नाही.

आणि त्याच आठवड्यात मंजुरीचं पत्र आलं.

पाठोपाठ अधिकारी बाईंचा फोन. "अभिनंदन! समितीला तुमचं म्हणणं पटलं. एकमताने." वहिनीने सगळं खरं सांगितलं: काम आधी सुरू झालं, आणि आता पुढे होऊ शकत नाही. मग त्या अगदी आपुलकीने म्हणाल्या, "आधीचं आपण पूर्वतयारी म्हणू या. मंजुरीच्या तारखेनंतर तुम्ही नव्याने रेकॉर्डिंग करा, म्हणजे प्रश्नच येत नाही."

"त्यांचं स्वरयंत्र काढलंय."

"अरेरे. मग मुदतवाढीचा अर्ज करता का? सहा महिने मिळू शकतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन हिसकावून घेतला आणि म्हटलं, "सहा महिन्यांत घसा उगवतो का हो बाई?" त्या गडबडल्या. त्यांचा तरी काय दोष, त्यांच्यापुढेही फॉर्मच असणार. पण मला कुणावर तरी ओरडायचंच होतं. शेवटी ठरलं, की अनुदान नाकारत असल्याचं पत्र द्यायचं, त्यावर काकांचीही सही हवी, आणि मंजुरीचं मूळ पत्र सोबत परत पाठवायचं.

आम्ही दोघी काकांकडे गेलो. वहिनीने मंजुरीचं पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, खिडकीपाशी गेले आणि सावकाश वाचलं. एका ओळीखाली बोट धरून उभे राहिले. तिथे त्यांचं पूर्ण नाव छापलेलं होतं आणि पुढे लिहिलं होतं, "प्रमुख कलाकार".

वहिनी तोवर रडायला लागली होती. "काका, मी थांबायला नको होतं. महिनाभर आधी सुरू केलं असतं तर अकराही झाली असती. माझं चुकलं. मला तुमचा मान हवा होता, आणि त्यापायी मी तुमची नाटकं घालवली."

काकांनी नकारपत्रावर सही केली, एका दमात. मंजुरीचं पत्र मात्र डाव्या हातातून सोडलं नाही. मग पाटी घेतली आणि लिहिलं, "पैसे राहू देत. हे मी ठेवू?"

वहिनीने होकारार्थी मान हलवली. मूळ पत्राबद्दल फाउंडेशनकडून आतापर्यंत तीन स्मरणपत्रं आली आहेत. येऊ देत.