निळेच राहिलेले दाणे

आमच्या आईला कॉलेजात सगळे ‘तवावाल्या बाई’ म्हणतात. रसायनाच्या प्रयोगशाळेत ती सव्वीस वर्षं मदतनीस आहे आणि तिच्या टेबलाखाली स्वयंपाकघरातून बाद झालेला एक तवा असतो. ओलावा शोषणारे दाणे ती त्यावर भाजते. कोरडे असले की निळे, पाणी पिऊन बसले की गुलाबी, तापवले की पुन्हा निळे. प्राध्यापक फळ्यावर दोन उलटसुलट बाण काढून समतोल शिकवतात, तेव्हा आई मागे उभी राहून पुटपुटते, "उष्णता दिली की ती खर्च होईल तिकडे सरकायचं, पाणी दिलं की ते संपेल तिकडे. कोणी काही करायला गेलं की ह्यांचं उलटंच. आमच्या घरच्यांसारखं."

घरचे म्हणजे बाबा. छापखान्यातल्या यंत्राशेजारी तीस वर्षं काढून कान गमावून बसलेले. मागच्या वर्षी त्यांच्यासाठी कानाचं मशीन आणलं, अगदी आत बसणारं, बाहेरून न दिसणारं. रात्री ते पत्र्याच्या डबीत ठेवायचं, तळाशी हेच दाणे, झाकणाला नखाएवढी काच. डबी रोज दोनदा उघडायची, दमट हवा आत शिरायची आणि बारा-पंधरा दिवसांत दाणे गुलाबी व्हायचे. मग आई ते भाजून आणायची. एकदा मी तव्यावर झाकण ठेवलं, तर केवढी ओरडली! "वाफेला जायला वाट नको? कोंडलीस तर जन्मभर गुलाबीच राहतील."

यंदा आईच्या गुडघ्यांनी संप पुकारला, आणि प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर. एका संध्याकाळी भांडी घासता घासता तिने विचारलं, "अहो, नोकरी सोडू का?"

"हो," बाबा म्हणाले.

आईला फार लागलं ते. सव्वीस वर्षांची नोकरी, आणि नवऱ्याने साधं "का गं?" म्हणू नये? रुसूनच तिने राजीनामा लिहिला आणि सोमवारी द्यायचा म्हणून पर्समध्ये ठेवला.

रविवारी सकाळी बाबांचं कपाट पुसताना डबी तिच्या हातात आली. दाणे निळेशार. आईचं फडकं थांबलं.

"मी भाजून दोन महिने झाले," ती मला म्हणाली. "भिंतीला ओल आलीय, मिठाला पाणी सुटलंय, आणि हे निळे? अगं, डबी उघडलीच नाही कोणी!"

उघडली. मशीन आत सुखाने झोपलं होतं.

बाबा पेपर वाचत होते. आईने डबी पेपरावर ठेवली. बाबांनी डबी बघितली, आईचं तोंड बघितलं आणि कबुली दिली. "त्यात सगळंच ऐकू येतं गं. पंखा, भांडी, शेजारचा कुत्रा. तुझं बोलणं तेवढं सापडत नाही."

"आणि दोन महिने हो-हो करताय ते?" आईने त्यांच्यासमोर वाकून मोठ्याने विचारलं.

"हो म्हटलं की तू खूश असतेस."

मला हसू आवरेना. आई मात्र हसली नाही. तिने स्टूल ओढलं, त्यांच्या अगदी समोर बसली आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, "मी. नोकरी. सोडू का?"

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. "ह्याला मी हो म्हटलं? नको सोडूस. तळमजल्यावर बदली माग." मग म्हणाले, "संध्याकाळी येऊन काय फुटलं, कोण रडलं ते सांगतेस ना, निम्मं तुझ्या हातांवरून कळतं. दिवसभर त्याचीच वाट बघतो मी."

आईने राजीनामा फाडला. तळमजल्यावर बदलीही मिळाली. मशीन रोज लावायचं बाबांनी कबूल केलं.

चारच दिवसांत दाणे गुलाबी झाले. आईने मला काच दाखवली. "एवढ्या लवकर? डबी उघडी टाकत असणार, आणि मशीन आतच. मला गंडवताहेत."

"मग बोल ना त्यांना."

"बोलते की," ती म्हणाली. स्टूल उचलून बाबांच्या समोर जाऊन बसली, हात मोकळे केले आणि सुरू झाली, "आज ना, एक मोठी बरणी फुटली..."