फरिदाबीचं पाकीट

बावड्यातल्या फरिदाबीच्या मिरची कांडपावर गिऱ्हाईक आपलं पोतं सोडून हलत नसे, आणि तिला त्यात काही वावगंही वाटत नसे. आपली चांगली मिरची देऊन दुसऱ्याची किडकी घरी न्यायची हौस कुणाला? ती स्वतः तर पिशवी दोनदा वजन केल्याशिवाय हातात घेत नसे. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं हे मशिन आपण संशयाच्याच जोरावर चालवलं, असं ती ठणकावून सांगायची.

तिचा मुलगा फिरोज पुण्याहून पत्रकारितेची पदवी घेऊन आला आणि बारामतीच्या एका छोट्या दैनिकात लागला. शिक्षणासाठी चार लाखांचं कर्ज काढलेलं, त्यावर तिचीही सही. त्यामुळं दर पाच तारखेला तिच्याही मोबाईलवर बँकेचा मेसेज येई: सहा हजार आठशे जमा. पोराचा पगार नऊ हजार. खोलीचं भाडंच अडीच हजार. मग हा खातो काय? कॉलेजवाल्यांनी गुळगुळीत पुस्तकात हसरी पोरं तेवढी छापली होती, त्यांचा पगार छापायचं बरं विसरले!

"अम्मी, भागतंय," एवढंच फिरोज म्हणे. कसं भागतंय, ते काही सांगत नसे. बातमी दाबायला लोक पाकिटं देतात, हे तिनं कांडपावर कितीदा तरी ऐकलं होतं, आणि तेव्हापासून तिला जेवण गोड लागत नव्हतं.

दुसरी बाई असती तर पोराला समोर बसवून विचारती. फरिदाबीनं ढाबेवाल्या संभाजीला गाठलं. गल्ल्यातले तीन हजार पाकिटात घालून त्याच्या हातात दिले.

"माझं नाव काढू नका. म्हणायचं, ढाब्यावर तपासणी झालीय, बातमी छापू नको."

"भाभी, पोटच्या पोराची परीक्षा घेताय व्हय?" संभाजी कुरकुरला, पण गेला.

संध्याकाळी परत आला तो तिच्याकडं न बघताच बोलला. "घेतलं. उघडून बघितलंबी न्हाय, तसंच खिशात घातलं."

फरिदाबीनं चालू मशिन बंद केलं. गिऱ्हाईक ओरडत राहिलं. तिला पोराची चीड आली, आणि त्याहून जास्त स्वतःची. पाच तारखेला मेसेज आला: जमा.

रविवारी फिरोज घरी आला. त्याच्या ताटात पहिली भाकरी पडताच तिनं विचारलं, "संभाजीचे पैसे कुठं गेले?"

भाकरीचा तुकडा मोडत तो म्हणाला, "नोटांना आपल्या कांडपाचा वास येत व्हता. तूच धाडलेत, हे कळलं मला."

"मग घेतलेस कशाला?"

"जाहिराती आणल्या की कमिशन मिळतं, त्यावर हप्ता निघतो. ह्या महिन्यात एकबी जाहिरात न्हाय मिळाली. तुझ्याकडं मागायची लाज वाटली, अम्मी."

वास नोटांना आला. आणि पाकीट तर त्यानं उघडलंच नव्हतं. म्हणजे पैसे कुणाचे, हे घेताना कळलं, की खिशात घातल्यावर? पाकिटालाही वास येत असेल म्हणा. तिच्या घरात मिरचीच्या वासाची नाही अशी वस्तूच कुठं होती? एक प्रश्न विचारला असता तर सोक्षमोक्ष लागला असता. फरिदाबीच्या अगदी ओठांवर आला तो. समोर पोरगं खाली मान घालून जेवत होतं, मनगटं वाळून गेली होती. तिनं प्रश्न गिळला आणि दुसरी भाकरी वाढली.

तो निघताना तिनं पुढच्या महिन्याचं पाकीट त्याच्या हातात ठेवलं. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, फरिदा.

"आता वास घेत बसायला नको," ती म्हणाली.