मागची सीट नसलेली गाडी

आमच्या माहेरी एक लाल, विलायती, उघड्या टपाची, दोनच माणसांची शर्यतीची गाडी आहे असं मी लग्नानंतर सासरी सांगितलं, तेव्हा सगळे आधी हसले आणि मग विचारलं, बीड जिल्ह्यात? हो, बीड जिल्ह्यातच. केजच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात. रस्ता म्हणजे दोन खड्ड्यांच्या मधली जागा, आणि त्यावरनं जाणारी ही गाडी जमिनीपासून वीतभर उंच. गावानं तिचं नाव बुटकी ठेवलं होतं. निजामाचं राज्य गेल्यावर आमचे आजोबा कोर्टाच्या कामाला हैदराबादला गेलते. काम झालं नाही, पण शहर सोडून निघालेल्या एका जहागीरदाराची गाडी मात्र घेऊन आले. कशापायी घेतली, ते त्यांना मरेपर्यंत धड सांगता आलं नाही.

आजोबांनंतर गाडी दादांकडे आली. दादा म्हणजे आमचे वडील. गावच्या सोसायटीचे चेअरमन, आणि माणूस असा की गाडीवर माशी बसली तरी तिला आधी पाय पुसायला लावतील. आज पुण्या-मुंबईचे शौकीन लोक येतात, गाडीभोवती फिरतात आणि म्हणतात, वा, काय राखलीय तुम्ही! दादा मान डोलावतात. मला तिथंच ओरडून सांगावंसं वाटतं की राखली ती आईनं.

उंदीर वायरी कुरतडू नयेत म्हणून सीटखाली कडुलिंबाचा पाला टाकायचा, दर पंधरवड्याला बदलायचा, हे आईचं काम. दादांच्या जुन्या धोतराच्या मऊ चिंध्या करून गाडीचं अंग पुसायचं, हे पण तिचंच. दिव्यांच्या चकचकीत कड्या ती चिंचेनं घासायची, तांब्याची घागर घासावी तशी. दादांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा रागानं अंगणभर नाचले होते, पण कड्या अशा चमकल्या की नंतर तेच झाडाखाली चिंचा वेचताना दिसले. कातडी सीट तडकू नये म्हणून ती गोडेतेल चोळायची. सोसायटीच्या सेक्रेटरीचा पांढरा पायजमा त्यापायी कायमचा वाया गेला.

आणि एवढं करून आई त्या गाडीत कधी बसली नव्हती.

ती लग्न होऊन आली तेव्हा आजोबा हयात होते. आमच्याकडं सून नवऱ्याच्या शेजारी बसत नसे. बैलगाडीत पुरुष पुढं, बायका मागं, तोंड उलटीकडं करून. आता या गाडीला मागं नव्हतंच. दादा, त्यांच्या शेजारी एक जागा, आणि संपली गाडी. मग जत्रेला दादा बुटकीतनं पुढं जायचे आणि आई आम्हा पोरांना घेऊन बैलगाडीतनं त्यांची धूळ खात मागनं. दादांच्या शेजारच्या त्या जागेवर कोण कोण बसलं म्हणून सांगू! सेक्रेटरी बसला, जनावरांचा डॉक्टर बसला, अर्ध्या तालुक्याचे नवरदेव बसले. एकदा दादांनी सिरसाळ्याच्या बाजारातनं वासरू घेतलं आणि ते आजारी म्हणून शेजारी बसवून आणलं. आईनं दारात त्याला ओवाळलं आणि आमच्याकडं बघून म्हणाली, "बगा, ह्याचा नंबर लागला. माजा कवा लागतोय?"

ती हसत म्हणाली होती, पण मला कळत होतं की ही थट्टा नाही. आईनं आयुष्यात सोनं मागितलं नाही, साडी मागितली नाही. हे एक मागितलं. दिवसाउजेडी, दादांच्या शेजारी बसून, केजच्या बाजारापर्यंत जायचं आणि यायचं. आजोबा गेल्यावर तिनं एकदा सरळ विचारलंही. दादा म्हणाले, "अगं, लोक काय म्हनतील?"

हे लोक कोण, ते आम्हाला कधी दिसले नाहीत. पण दादांना ते सगळीकडं दिसायचे. सोसायटीची निवडणूक आली तेव्हा विरोधी पॅनलवाल्यानं पारावर भाषण ठोकलं की चेअरमन शेतकऱ्यांचा पाहिजे, शर्यतीचा नको. झालं! दादांनी एका दिवसात गाडीवर ताडपत्री टाकली आणि वर कडब्याची गंजी रचली. गाडी विकली म्हणून गावात सांगून टाकलं. निवडून आले. पण त्या साली पाऊस आलाच नाही. नदीत वाळू उरली, विहिरी आटल्या, जनावरं दावणीला हंबरायला लागली. गंजी रोज थोडी थोडी खाली यायला लागली. लोक कडबा मागायला आमच्या दारात उभे असताना एका सकाळी म्हशीनं पेंढी ओढली, तिच्याबरोबर ताडपत्री आली, आणि आतनं लाल मडगार्ड बाहेर आलं. सगळे वाकून बघायला लागले. मग एक म्हातारा गंभीरपणे म्हणाला, "चेअरमन, तुमची गंजी व्याली की."

दादांना वाटलं, आता आपलं राजकारण संपलं. त्यांनी उरलेला कडबा मागेल त्याला देऊन टाकला. आणि पुढच्या निवडणुकीला त्याच लोकांनी त्यांना बिनविरोध निवडून दिलं. दुसरा कुणी असता तर यातनं काहीतरी शिकला असता. दादा एवढंच शिकले की कडब्यात गाडी लपवू नये.

त्या दुष्काळात गाडी धुवायला पाणी कुठलं? दादा परातीत उभं राहून आंघोळ करायचे आणि परातीतलं पाणी गाडीला वापरायचे. आईनं पुन्हा विचारलं तेव्हा लोक दुष्काळी कामावर खडी फोडतायत, आपण फिरायचं का, असं दादा म्हणाले, आणि ते मात्र तिला पटलं. पुढं माजलगावच्या धरणाचं पाणी आलं, तिकडं ऊस आला, कारखाने आले, तेव्हा दादा म्हणाले, आता पाहुणेरावळे वाढलेत. नंतर म्हणाले, आता सुना आल्या, त्यांच्यासमोर बरं दिसत नाही. सासऱ्याची लाज संपली तर सुनांची सुरू झाली. आईनं विचारणं सोडलं. चिंच आणि गोडेतेल मात्र सोडलं नाही.

तीन वर्षांखाली, दिवाळीला मी माहेरी होते, तेव्हा पुण्याचे एक गृहस्थ गाडीचे फोटो काढायला आले. भला माणूस. त्यानं आईला म्हटलं, काकू, बसा ना आत, तुमचाही काढतो. आई म्हणाली, मी न्हाई बसले कधी. त्याला वाटलं आजच्या दिवसात नाही. मी सांगितलं, चाळीस-पन्नास वर्षांत नाही. त्यानं दादांकडं असं बघितलं की दादांना जमिनीकडं बघावं लागलं. मग दादा म्हणाले, "बस की मग."

आईनं पदर खोचला. दार उघडलं, वाकली, थांबली. पुन्हा वाकली. गाडी एवढी खाली आणि गुडघे असे धरलेले, की तिला काही केल्या बसता येईना. मी हात दिला, तो माणूस धावला. ती सरळ उभी राहिली आणि दार लावून घेतलं.

"गाडी राखली मी तुमची," ती दादांना म्हणाली. "गुडघे कोन राखनार हुतं?"

तिचा आवाज चढला नव्हता. मला मात्र रडू आलं आणि दादांचा असा राग आला की मी दोन दिवस त्यांना चहा दिला नाही.

त्या दोन दिवसांत दादा अंगणात दगड रचत होते. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, घमेल्यानं मुरूम टाकतोय, धुमुसनं ठोकतोय. येणारेजाणारे विचारायचे, चेअरमन, देवळाचा पाया का? ते पुढचं घमेलं ओतायचे. शेवटी कळलं. वीतभर उंचीचा ओटा, पुढनं-मागनं उतार. गाडी त्यावर चढवली की सीट बरोबर खुर्चीएवढ्या उंचीवर. दादांनी गाडी चढवली, हँडब्रेक ओढला, खाली उतरून आले आणि आईच्या बाजूचं दार उघडून धरलं. आई पाठ करून टेकली, मी तिचे पाय उचलून आत घेतले. बसली.

मला त्यात जागा नव्हतीच, म्हणून मी मागनं भाड्याच्या जीपमध्ये बसून गेले आणि ड्रायव्हरला दम दिला की पुढं काढशील तर याद राख. केजला आई उतरणार कशी, हा विचार दादांनी केलाच नव्हता. मग ती उतरलीच नाही. बाजारात गाडी उभी राहिली, वांगी तिच्याकडं आली, चहा तिच्याकडं आला. बशीतनं तिनं सावकाश चहा पिला. तासाभरानं ते निघाले.

घरी दादांनी गाडी पुन्हा ओट्यावर चढवली. मी आईला उतरवायला गेले, तर तिनं हातानंच थांब म्हटलं. इंजिन बंद झालं होतं. दोघं समोर बघत बसले होते.

"काय म्हनले लोक?" आईनं विचारलं.

दादांनी लई वेळ आठवून बघितलं. खरंच आठवत होते बिचारे.

"ती भाजीवाली," ते म्हणाले, "कोथिंबीर घ्यायची का म्हनली."

"आनि?"

"आनि कुनी काय न्हाई म्हनलं."

आईनं मान हलवली. दादांनी दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले आणि त्यावर कपाळ टेकलं. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाली, जा, तू चहा टाक, आमी बसतो जरा.