रोबोच्या हाताची फाईल

विद्यापीठातल्या रोबोटिक्सच्या प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी मी नव्वद टाइप केलं. मला म्हणायचं होतं नव्वद अंश. प्रोग्रामला अंश कळत नव्हते, त्याला रेडियन लागत होते, आणि नव्वद रेडियन म्हणजे चौदा फेऱ्या आणि वर थोडंसं. टेबलावरच्या त्या शिकाऊ रोबोने दुसऱ्या फेरीतच सरांचा चहाचा कप उडवला. चहा सरांच्या मोतिया सफारीवर गेला. उरलेल्या बारा फेऱ्या रोबोने अगदी निर्मळपणे पूर्ण केल्या, कारण बंद करायचं बटण कुठलं ते मला ठाऊक नव्हतं.

मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो. भोपाळच्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर, कारखान्याच्याच वसाहतीत राहणारा. एम.टेक. करण्यासाठी कारखान्याने मला दोन वर्षं दुपारनंतरची मोकळीक दिली होती. वर्गातली मुलं बावीस-तेवीसची. ती मला अंकल म्हणत, त्यातली काही आदराने.

सर ग्वाल्हेरचे मराठी. सफारी झटकत त्यांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, कारखान्यात असंच चालतं का हो? मी मान खाली घातली. "तरीच," सर म्हणाले. त्या तरीचच्या पुढे काहीच नव्हतं. ते जे पुढे नव्हतं ना, ते मी स्कूटरवरून घरी येईपर्यंत दहा प्रकारे पुरं करून पाहिलं.

तेवढ्यावर राहिलं असतं तर मी विसरलोही असतो. निदान बायकोला तरी तसं सांगत आलोय. पण पुढे मी रोबोसाठी एक पंजा तयार केला. लोखंडी बोटं नाजूक वस्तू फोडतात, म्हणून मी सायकलच्या ट्यूबची बोटं केली. आत हवा भरली की ती वळायची आणि अंडं अलगद उचलायची. आमचं घर शाकाहारी, त्यामुळे प्रयोगाची अंडी मी डब्याच्या पिशवीत वर्तमानपत्राखाली दडवून न्यायचो. इतका त्याग मी लग्नासाठीसुद्धा केला नव्हता.

एक दिवस दिल्लीहून पाहुणे आले. सरांनी त्यांना माझ्या पंजाने अंडं उचलून दाखवलं आणि म्हणाले, ही आमच्या विभागाची कल्पना. पाहुणे वाहवा करत होते तेवढ्यात दुसरं अंडं घरंगळून फुटलं. तेव्हा सर माझ्याकडे वळले.

"ते टेबल जरा पुसून घ्या."

मी पुसलं. हेच मला आजही खुपतं. त्यांनी सांगितलं आणि मी पुसलं, आणि कोपऱ्यात राहिलेलं परत पुसलं.

त्या दिवसापासून मला पदवीपेक्षा एकच गोष्ट हवी होती. या माणसाने चार लोकांसमोर म्हणावं, की ही कल्पना ह्यांची आहे. आणि म्हणेपर्यंत त्याला जमेल तेवढा त्रास व्हावा.

देवाने ऐकलं. आमच्या कारखान्यात वेल्डिंगचा एक जुना रोबो ताडपत्रीखाली पडून होता. तो विभागाला मिळावा असा सरांचा अर्ज आला, आणि साहेबांनी ती फाईल माझ्याकडे टाकली. तुम्ही तिकडेच शिकता, तुम्हीच शेरा मारा, म्हणाले.

फाईल नामंजूर करायची नसते. नामंजूर केलं की ती वर जाते आणि वरचा कोणीतरी मंजूर करतो. फाईलवर शंका विचारायची असते, तीही एका वेळी एकच. मी लिहिलं, प्रयोगशाळेच्या छताची उंची कळवावी. दहा दिवसांनी उत्तर आलं. मग लिहिलं, फरशी किती वजन पेलेल ते कळवावं. मग तीन फेजची वीज आहे का. सगळे प्रश्न रास्त होते. एका कागदावर सहज मावले असते, आणि हे बायकोने मला दुसऱ्याच प्रश्नाला सांगितलं होतं. ती वसाहतीच्या शाळेत गणित शिकवायची.

शेवटी सर स्वतः आले. गेट पास, बॅग जमा, सुरक्षावाल्यांच्या बाकावर वाट पाहणं. मी कामात होतो. म्हणजे खिडकीपाशी उभा राहून त्यांच्याकडे बघत होतो. जेवणाचा भोंगा झाल्यावर खाली गेलो आणि अत्यंत नम्रपणे म्हणालो, सर, अजून एक छोटीशी शंका होती. त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

असं चार महिने चाललं. मग एका दुपारी सरांनी मला खोलीत बोलावलं आणि माझ्याच प्रबंधाचा आराखडा समोर उघडला. चौथं प्रकरण. माझंच अक्षर. पंजाची चाचणी कारखान्यातल्या खऱ्या रोबोवर, पूर्ण वेगात घेण्यात येईल.

"तो रोबो मी कुणासाठी मागतोय, असं वाटलं तुम्हाला?"

वाक्य मीच वर्षापूर्वी लिहिलं होतं आणि साफ विसरलो होतो.

"मी आपला माझ्या घरी नेणार होतो का भई," सर म्हणाले. "जा, सही करा. आणि जाताना तो पंखा बंद करा."

पंखा मी बंद केला. दुसऱ्या दिवशी सही करायला फाईल उघडली, पेनाचं टोपण काढलं, आणि मला तो पंखा आठवला. पंख्यावरून टेबल आठवलं. मी लिहिलं, प्रयोगशाळेच्या दरवाजाची रुंदी कळवावी. म्हटलं, चार दिवसांनी काय बिघडतंय? पुन्हा एकदा बाकावर बसू देत.

त्या चार दिवसांत कारखान्यात बातमी आली की मोठे साहेब पाहणीला येणार. मोठे साहेब येणार म्हटलं की आमच्याकडे झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागतो आणि ताडपत्रीखाली जे काही असेल ते भंगारात नाहीसं होतं. दरवाजाची रुंदी घेऊन सर गेटवर आले, त्यांनी ती स्वतः टेपने मोजली होती, तेव्हा शेड रिकामी होती. मी धावत मंडीदीपच्या भंगारवाल्याकडे गेलो. रोबोचा हात गॅस कटरने तीन तुकडे करून पत्र्यांच्या ढिगावर ठेवला होता. खांद्याजवळची केबल अजून लोंबत होती.

मुदत संपत आली होती. चौथं प्रकरण मी संगणकावरच्या आकडेमोडीने कसंबसं भरलं. तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. विभागातले सगळे मास्तर बसले होते, मुलंही मागे उभी होती. परीक्षकांनी विचारलं, खऱ्या रोबोवर चाचणीच नाही, मग हा पंजा कारखान्यात चालतो याला पुरावा काय? मी सरांकडे पाहिलं. सरांनी चष्मा काढला, सावकाश पुसला.

"फाईल अडकली होती," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, अगदी प्रेमाने, "पण एक सांगतो. ही कल्पना संपूर्णपणे ह्यांची आहे. आमच्या विभागाचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही."

परीक्षकांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. जेमतेम पास झालो.

घरी आलो तेव्हा बायको वह्या तपासत होती. मी सगळं सांगितलं, सरांचं वाक्य शब्द न् शब्द सांगितलं, चष्मा पुसल्याचंही सांगितलं. तिने हातातली वही पूर्ण तपासली, खाली गुण लिहिले, मग माझ्याकडे पाहिलं.

"मग झालं की," ती म्हणाली. "हेच ऐकायचं होतं ना तुम्हाला? चला, पानं घेते."