शिडी घेऊन फिरायला

नाना, म्हणजे माझे वडील, साक्रीजवळची शेती सोडून आईसह धुळ्यात आमच्याकडे राहायला आले आणि चार महिन्यांत त्यांचे गुडघे आखडले. डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं. नानांना ते पटेना.

"बिनकामना माणूस रस्तावर चालस, त्याले लोके येडा म्हनतस," ते म्हणाले.

पहिल्याच सकाळी कोपऱ्यावरच्या न्हाव्याने विचारलं, "नाना, कुठे निघाले?" नाना तसेच मागे फिरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गच्चीवरची बांबूची शिडी खांद्यावर घेतली. शिडीवाल्याला कोणी काही विचारत नाही, हे त्यांचं म्हणणं, आणि ते खरं ठरलं. आठवडाभर ते शिडी घेऊन तासभर फिरत आणि ती न वापरता घरी आणत. आई म्हणाली, "निदान कोळ्याची जाळी तरी काढा." नानांनी शिडी परत गच्चीवर नेऊन ठेवली.

पुढे खांदा दुखायला लागला. पण कॉलनीतल्या तीन म्हाताऱ्यांनाही असंच चालायला सांगितलं होतं आणि त्यांचीही नानांसारखीच अडचण होती. चौघांनी मिळून शिडी उचलली. दोघे पुढे, दोघे मागे. वजन विभागलं गेलं, गप्पाही व्हायला लागल्या. शिडीवर उन्हासाठी घेतलेला पांढरा टॉवेल पसरायची आणि पाण्याची बाटली ठेवायची सोय झाली.

त्या टॉवेलनेच घोटाळा केला. एका सकाळी मी मागून स्कूटरवर येत होतो. रिक्षा बाजूला थांबत होत्या. एका किराणा दुकानदाराने शटर अर्धं ओढून हात जोडले. मग चपला घालून तो शिडीच्या मागे मान खाली घालून चालू लागला. बऱ्याच वेळाने त्याने हळूच विचारलं, "नाना, कोन गयं?"

"कोनीच नही," नाना मागे न बघता म्हणाले. "आम्हीच जाई राह्यनूत."

दुकानदाराने शिडीकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. त्याचं पोट सुटलेलं, दिवसभर गल्ल्यावर बसणं. आता निघालोच आहे, म्हणून तो फेरीच्या टोकाला असलेल्या तळ्यापर्यंत आला. दुसऱ्या दिवशी वेळेआधी हजर होता.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी नानांचे गुडघे वाकवून पाहिले आणि खूश होऊन विचारलं, "काय व्यायाम करता?"

"शिडी," नाना म्हणाले.

"या वयात शिडी चढू नका."

"चढत नाही. फिरवतो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी गुडघेदुखीची गोळी अर्धी केली आणि कागदावर लिहिलं, 'आहे तेच चालू ठेवा.'

थंडीत चौघांतले एक मुलाकडे नाशिकला गेले. दुकानदार सकाळी माल उतरवण्यात अडकलेला. नानांनी मला साडेसहाला उठवलं. मी सत्तेचाळीसचा, जिने चढताना धापा टाकणारा. मागचं डावं टोक माझ्या खांद्यावर आलं. पंधरा मिनिटांत मला दम लागला. पुढचे दोघे कापसाच्या भावाबद्दल बोलत होते आणि माझ्यासाठी वेग कमी करत होते.