अकराची फेरी

“हॉस्पिटलचे चारही सर्व्हर आडवे! कोणी केलं हे? आत्ता सांगा!” — कदमसाहेब अंधेरीच्या ऑफिसात ओरडत होते आणि आवाज घाटकोपरला पोचत होता. आता मी घाटकोपर म्हटलं की तुम्ही अंधेरीच्या शेजारचं मरोळ धरा. सवयच आहे माझी. चहाच्या टपरीवर मी काय काय नाही फेकलं! ही गोष्ट मात्र परवापर्यंत तोंडातून निघाली नव्हती — आणि हिच्यात फेकण्यासारखं काही नाही.

आमच्याकडे शेकडो सर्व्हर. दर तासाला त्या सगळ्यांवरून एक फेरी आपोआप फिरते, प्रत्येकाची सेटिंग ठरलेल्या यादीप्रमाणे करून ठेवते. कोणी हाताने काही बदललं असेल, तर तेही पुसते. वेळापत्रक माझ्याकडे. म्हणून रीत अशी — हाताने दुरुस्ती करत असाल तर मला सांगायचं, मी ती मशीन वगळणार. तोंडी सांगितलं की झालं. लिहायचं कशाला, यार?

सुजाता सावंतनं सांगितलं होतं. साडेदहाला, टपरीवर. ती कॉन्ट्रॅक्टवर होती, त्याच आठवड्यात कायम होणार होती.

“हॉस्पिटलचे चार सर्व्हर हाताने दुरुस्त करतेय. अकराच्या फेरीतून काढ. विसरशील हां!”

“अगं, मी कधी विसरलोय?” म्हटलं — आणि एकट्यानं अख्खी मुंबई बंद पडण्यापासून कशी वाचवली, तो किस्सा पुढे रेटला. पाचजण हसत होते. मध्येच उठायचं?

अकरा वाजले. फेरीनं तिचं काम पुसलं. हॉस्पिटलात केसपेपर निघेनात, आजारी माणसं खिडकीसमोर उभी.

साहेबांनी तिला विचारलं, “फेरी थांबवायला सांगितलं होतंस?”

“हो. याला.”

सगळे माझ्याकडे वळले. टपरीवरचे पाचजणही — पण ते तर माझा किस्सा ऐकत होते, तिचं कोण ऐकणार? आणि मी, तासभर न थांबणारा मी, चारच शब्द बोललो. “मला नाही सांगितलं कोणी.”

विसरलो होतो का? फेरी विसरलो होतो. तिचं सांगणं नाही — ते कानात तसंच होतं. तरी बोललो.

ती कायम झाली नाही. महिनाअखेरीस गेली. निरोपाचा केक मीही खाल्ला — दोन तुकडे.

परवा कांदिवलीला भाजीवाल्याकडे दिसली. मी सगळं ओकलो — तू सांगितलं होतंस, मी खोटं बोललो.

मिरच्या निवडता निवडता ती म्हणाली, “माहितीय. मी तिथेच होते ना.”