भिंतीवरून आलेलं संत्रं

सौंसरची जुनी टॉकीज नवी केल्यावर मी आईला पहिल्यांदाच तिथं नेलं. दारावरच्या पोराने तिची पिशवी उघडून पाहिली.

"काकू, बाहेरचं खानं नाई चालत."

"घरच्या झाडाचं हाये रे बाबा," आई म्हणाली. त्याने पिशवी ठेवूनच घेतली.

आत गार हवा, गुबगुबीत खुर्च्या. दिवे मालवले आणि शेजारून संत्र्याच्या सालीचा वास आला. एक संत्रं आईने पदराखाली लपवून आणलंच होतं.

त्या वासासरशी मी पुन्हा लहानपणीच्या इथल्या लाकडी बाकावर जाऊन बसले. तेव्हा मधोमध कमरेएवढी भिंत होती. अलीकडे बाया, पलीकडे माणसं. सिनेमा ऐन रंगात असताना अंधारातून बाबांचा आवाज आला, "मंगीच्या मायले द्या जी." मंगी म्हणजे मी. सोललेलं संत्रं अनोळखी हातांतून, भिंतीवरून आमच्यापर्यंत आलं. वाटेत कोणी एक फोडही खाल्ली नव्हती. आईने अर्धं त्याच वाटेने परत धाडलं. माझा वाटा कमी झाला म्हणून मी फुगून बसले. घरी ही दोघं कामापुरतीच बोलायची. ते संत्रं म्हणजेच त्यांचं बोलणं होतं, हे मला आता कळतं.

आता भिंत नाही, बाबाही नाहीत. आईने अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं आणि उरलेलं पलीकडच्या अनोळखी मुलीपुढे धरलं. तिने ते घेतलं आणि खाऊन टाकलं.

"मस्त गोड हाये, आजी."

आई हळूच म्हणाली, "मंगीच्या बाबानं लावलेलं झाड हाये ते."